क्रोधाला उत्तर प्रेमाचे

३० जानेवारी १९५६ ची रात्र. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी शहर बससेवेवर घातलेल्या बहिष्काराला सुमारे दोन महिने होत आले होते. या लढ्याचे नेतृत्व करणारे २७ वर्षांचे धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग एका सभेत असताना त्यांच्या घराच्या ओसरीवर बॉम्ब टाकण्यात आला. घरात पत्नी कोरेटा आणि जेमतेम अडीच महिन्यांची मुलगी होती. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही. किंग घरी धावले, तेव्हा अंगणात शेकडो माणसे जमली होती. त्यांचा संताप अनावर झाला होता आणि काहींच्या हातात शस्त्रेही होती. एखादी ठिणगी पडली असती, तर शहरात रक्तपात झाला असता. त्या मोडक्या ओसरीवर उभे राहून किंग यांनी लोकांना शस्त्रे घरी नेण्यास सांगितले आणि शत्रूवर प्रेम करण्याच्या येशूच्या आज्ञेची आठवण करून दिली. जमाव शांतपणे पांगला.

प्रसंगाचा एवढा भाग जगभर सांगितला जातो. त्यापुढचा भाग मात्र किंग यांनी स्वतःच १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्राइड टुवर्ड फ्रीडम’ या पुस्तकात नोंदवून ठेवला आहे. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना झोप येईना. आपली पत्नी आणि तान्ही मुलगी या स्फोटात मारली गेली असती, हा विचार मनात आला आणि त्यांचा राग उसळू लागला. जमावाला शांत करणारा माणूस काही तासांनी स्वतःच द्वेषाच्या काठावर उभा होता. तेथून त्यांनी स्वतःला मागे खेचले आणि मनात कडवटपणा शिरू द्यायचा नाही, असे स्वतःला बजावले.

क्रोधाविषयीच्या ख्रिस्ती शिकवणीचा गाभा या दुसऱ्या प्रसंगात अधिक स्पष्ट दिसतो. श्रद्धावान माणसाला राग येत नाही, असा या शिकवणीचा दावा नाही. राग आल्यानंतर त्याला मनात किती काळ राहू द्यायचे आणि त्याच्या हाती आपले हात-पाय व जीभ सोपवायची की नाही, हा तिच्यापुढचा प्रश्न आहे.

राग येणे आणि राग धरणे

बायबलमधील क्रोधाची पहिली कथा काइन आणि हाबेल या भावांची आहे. भावाचे अर्पण देवाने स्वीकारले, आपले स्वीकारले नाही, म्हणून काइन संतापतो. या कथेत देव काइनशी बोलतो तो हत्येच्या आधी. तू का रागावलास, असे तो विचारतो आणि दाराशी दबा धरून बसलेल्या पापावर तुला ताबा मिळवता येईल, असे सुचवतो. राग आणि कृती यांच्यामध्ये एक जागा असते, तेथे माणसाला अजून निवड करता येते, हा या संवादाचा अर्थ आहे. काइनने ती संधी गमावली.

मराठीत चटकन रागावणाऱ्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. जुना करार ज्या हिब्रू भाषेत लिहिला गेला, तिच्यात तर ‘नाक’ आणि ‘क्रोध’ या दोहोंसाठी एकच शब्द आहे. रागाने फुललेल्या नाकपुड्यांवरून तो आला असावा. मंदक्रोध असलेल्या देवाचे वर्णन करताना ही भाषा त्याला शब्दशः ‘लांब नाकाचा’ म्हणते. राग नाकाच्या टोकापर्यंत पोहोचण्यास त्याला वेळ लागतो! माणसानेही असेच व्हावे, अशी अपेक्षा आहे. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात ऐकण्यात तत्पर, पण बोलण्यात आणि रागावण्यात मंद असावे, असा सल्ला आहे. त्यातील क्रम अर्थपूर्ण आहे, कारण ऐकून घेण्यात गेलेला वेळ हाच रागाचा वेग कमी करणारा वेळ असतो.

येशूला स्वतःला राग आल्याचे प्रसंग शुभवर्तमानांत आहेत. मंदिराच्या आवारात देवाच्या नावावर बाजार मांडणाऱ्यांना त्याने हुसकावून लावले, हा प्रसंग परिचित आहे. मार्काच्या शुभवर्तमानातील दुसरा प्रसंग मात्र अधिक बोलका आहे. शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात वाळलेल्या हाताचा एक माणूस असतो. येशूने त्याला बरे केले, तर पवित्र दिवस मोडल्याचा आरोप करता येईल, म्हणून काहीजण टपून बसलेले असतात. येशू त्यांच्याकडे रागाने पाहतो आणि त्याच वेळी त्यांच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे दुःखीही होतो. मग तो त्या माणसाला हात पुढे करण्यास सांगतो आणि हात बरा होतो. या प्रसंगात राग आणि दुःख एकत्र नांदतात आणि रागाची परिणती एका पीडिताच्या सुटकेत होते. तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाच्या ताब्यात असलेला राग दोषास्पद मानला नाही. उलट अन्याय पाहूनही मुळीच राग न येणे हाही दोष ठरू शकतो, असे त्यांचे मत होते.

मग धोका कोठे आहे? मराठी भाषेने राग, आकस, अढी, डूख असे वेगवेगळे शब्द घडवले आहेत. राग येतो, तर डूख धरला जातो. संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात नेमकी हीच रेषा आखली आहे. राग आला तरी पाप करू नका आणि सूर्य मावळेपर्यंत तो राग टिकू देऊ नका, कारण तसे केल्यास सैतानाला घरात जागा मिळते, असे तो बजावतो. रागाला एका दिवसाची मुदत आहे, मुक्काम करण्याची परवानगी नाही. गिरिप्रवचनात येशू याहून पुढे जातो. हत्या आणि भावावरचा राग, त्याला उद्देशून उच्चारलेला अपमानाचा शब्द, यांना तो एकाच ओळीत बसवतो. वेदीजवळ अर्पण घेऊन आलेल्या माणसाला आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करून यावे, असे तो सांगतो. दुखावलेला भाऊ घरी बसला असताना केलेली उपासना अपुरी आहे, असा याचा अर्थ होतो.

वाळवंटातील मनोवैद्य

हे उपदेश आचरणात आणायचे कसे, याचा बारकाईने विचार चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांनी केला. घरदार, संपत्ती, प्रतिष्ठा सोडून आलेल्या या माणसांना राग मात्र सोडून देता आला नव्हता. त्यांच्यापैकी इव्हाग्रियस या विद्वान साधूने मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली, त्यांत क्रोध आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी याच परंपरेतून सात प्रमुख पापांची मांडणी केली.

इव्हाग्रियसचे निरीक्षण आजच्या वाचकालाही ओळखीचे वाटेल. राग सर्वाधिक त्रास देतो तो प्रार्थनेच्या वेळी, असे तो म्हणतो. माणूस डोळे मिटतो आणि ज्याने दुखावले त्याचाच चेहरा समोर उभा राहतो. कार्यालयातील अपमान रात्री उशीवर डोके टेकल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, तसेच हे आहे. त्यावर इव्हाग्रियस स्तोत्रगायन, सहनशीलता आणि दयेची कृत्ये असे उपाय सुचवतो. त्याचा एक सल्ला विशेष व्यावहारिक आहे. भेटवस्तू दिल्याने आकस विझतो, असे सांगून तो जुन्या करारातील याकोबाचा दाखला देतो. फसवणुकीमुळे दुखावलेला भाऊ एसाव चारशे माणसे घेऊन येत आहे हे कळल्यावर याकोबाने त्याच्याकडे आधी भेटी धाडल्या होत्या. आपण साधू तर निर्धन, मग आपण काय द्यावे? इव्हाग्रियसचे उत्तर आहे, की अशा माणसाला जेवायला बोलवावे.

मन शांत होण्याची वाट न पाहता हात कामाला लावण्याची ही युक्ती आहे. ज्याच्यावर राग आहे त्याच्यासाठी ताट वाढताना तो केवळ अपराधी राहत नाही. त्याला भूक लागते, त्याला मीठ कमी लागते की जास्त, हे दिसू लागते. रागाने माणसाचे जे एकरंगी चित्र रंगवलेले असते, त्याला असा तडा जातो.

प्रेम म्हणजे आवड नव्हे

शत्रूवर प्रेम करा, ही आज्ञा अनेकांना अशक्य किंवा ढोंगी वाटते, कारण प्रेम म्हणजे मनातला जिव्हाळा असे गृहीत धरले जाते. जिव्हाळा आज्ञेने निर्माण होत नाही. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत या ठिकाणी ‘अगापे’ या धातूतील शब्द आला आहे. समोरच्याचे भले इच्छिणे आणि त्यासाठी झटणे, मग तो आवडो वा न आवडो, असा अर्थ ख्रिस्ती परंपरेने त्याला दिला. येशूने शत्रू आवडून घ्या, असे सांगितलेले नाही, याकडे किंग आपल्या प्रवचनांतून लक्ष वेधत असत. आवडणे ही भावना आहे, तर प्रेम हा निश्चय आहे, असा हा भेद आहे.

म्हणूनच या विषयावरील बायबलच्या सूचना भावनांविषयी नसून कृतींविषयी आहेत. छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला घाला. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलाने सूड देवावर सोपवण्यास सांगितले आहे आणि वाइटावर बऱ्याने मात करावी, असा समारोप केला आहे. सूड सोपवणे म्हणजे अपराध क्षुल्लक ठरवणे नव्हे. ज्याचा हिशेब चुकत नाही त्याच्याकडे वही देऊन टाकणे, असे त्याचे स्वरूप आहे. वही हातात राहिली, की माणूस ती रोज उघडून पाहतो.

तुरुंगातील राखी

हे सारे अत्यंत कठीण प्रसंगी कसे दिसते, याचे एक उदाहरण मध्य प्रदेशातील आहे. केरळातून आलेल्या सिस्टर राणी मारिया या धर्मभगिनी देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात गरीब आदिवासी शेतकऱ्यांना संघटित करण्याचे काम करीत. सावकारीच्या विळख्यातून ही माणसे सुटू लागली, तसे काहींचे हितसंबंध दुखावले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये, सहप्रवाशांच्या देखत, समुंदर सिंग या तरुणाने त्यांच्यावर चाकूचे वार करून त्यांची हत्या केली. त्याला जन्मठेप झाली.

राणी मारिया यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल याही त्याच संघातील धर्मभगिनी. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक कॅथलिक धर्मगुरू तुरुंगात समुंदर सिंगला भेटत राहिले. पुढे २००२ च्या रक्षाबंधनाच्या सुमारास सिस्टर सेल्मी तुरुंगात गेल्या आणि ज्या हाताने आपल्या बहिणीवर वार केले, त्याच हातावर त्यांनी राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी कुटुंबीयांनी आणि चर्चनेही प्रयत्न केले आणि २००६ मध्ये तो सुटला. त्यानंतर तो केरळात जाऊन राणी मारिया यांच्या आईवडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्याचा सोहळा झाला, तेव्हा तोही तेथे उपस्थित होता.

हत्या आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षांचे अंतर आहे. सूर्यास्तापूर्वी राग सोडावा, ही शिकवण खरी असली, तरी काही जखमांचा दिवस फार मोठा असतो. क्षमा हा एका क्षणाचा चमत्कार क्वचितच असतो. ती पुन्हा पुन्हा केली जाते, कधी दाटून आलेल्या कंठाने, तर कधी मन साथ देत नसतानाही. तुरुंगात नेलेला रेशमी धागा ही इव्हाग्रियसने सुचवलेल्या भेटीचीच एक आवृत्ती म्हणता येईल. तो धागा या मातीतील सणातून आला, हे त्याचे वेगळेपण.

क्षमा आणि न्याय

या शिकवणीचा दुरुपयोगही होतो आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय विषय पूर्ण होत नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला, वरिष्ठांच्या छळाला तोंड देणाऱ्या कर्मचाऱ्याला, अत्याचार झालेल्या मुलाच्या पालकांना ‘क्षमा करा आणि विसरा’ असे सांगून गप्प बसवले जाते. हा उपदेश ख्रिस्ती शिकवणीशी प्रामाणिक नाही. वैयक्तिक सूड टाळण्यास सांगणारा पौल लगेच पुढच्या, तेराव्या अध्यायात दुष्कर्म करणाऱ्याला शासन करण्याचे काम राज्यसत्तेचे असल्याचे मान्य करतो. क्षमा करणारा माणूस सूडाचा हक्क सोडतो. गुन्हेगाराला मोकळे सोडण्याचे, किंवा स्वतःला व मुलांना पुन्हा मारहाणीच्या घरात नेऊन बसवण्याचे बंधन त्याच्यावर येत नाही.

ओडिशातील स्टेन्स कुटुंबाची कहाणी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. बारीपदा येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुले मनोहरपूर गावात गाडीत झोपलेली असताना जानेवारी १९९९ मध्ये त्यांना जिवंत जाळण्यात आले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी पती आणि मुलांच्या मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. त्या कन्येसह भारतात राहिल्या आणि २००४ मध्ये मायदेशी परतेपर्यंत त्यांनी कुष्ठरुग्णांचे काम चालू ठेवले. २००५ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले. मात्र त्यांच्या क्षमेमुळे खटला थांबला नाही. मुख्य आरोपी दारा सिंगला २००३ मध्ये सुनावलेली फाशी २००५ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप कायम केली. न्यायालयाने आपले काम केले आणि एका विधवेने आपले. ग्लॅडिस यांच्या क्षमेने त्यांना स्वतःला मोकळे केले, म्हणूनच त्या पुन्हा रुग्णांकडे जाऊ शकल्या.

रोजच्या घरातील राग

बहुतेकांच्या वाट्याला अशी अग्निपरीक्षा येत नाही. त्यांचा राग लोकलमधल्या धक्क्यावर, मुलाच्या गुणपत्रिकेवर, सासू-सुनेच्या बोलण्यावर खर्च होतो. या पातळीवरील उदाहरण मराठी साहित्यातच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर काही वर्षे पतिपत्नी दुरावली. पुढे पुन्हा एकत्र आल्यावर १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त टिळकांचा तापट स्वभाव आणि तितकेच झटकन विरघळणे, दोन्ही दिसते. बाप्तिस्म्याने माणसाचा स्वभाव एका दिवसात पालटत नाही, हे या पुस्तकाच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. लक्ष्मीबाईंच्या लेखनात त्या रागाविषयी कडवटपणा उरलेला नाही, हे मात्र लक्षात येते. जे एकेकाळी डोळ्यांत पाणी आणणारे होते, ते त्या खेळकरपणे सांगू शकतात.

असा कडवटपणा साचू नये, यासाठी ख्रिस्ती उपासनेत काही सवयी घालून दिलेल्या आहेत. प्रभूच्या प्रार्थनेत स्वतःच्या अपराधांची क्षमा मागताना इतरांना केलेल्या क्षमेचाही उल्लेख करावा लागतो. ती म्हणणारा माणूस रोज स्वतःच्याच शब्दांत अडकतो. कॅथलिक मिस्सामध्ये पवित्र ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी शेजारच्यांना शांतीचे चिन्ह दिले जाते. भारतात अनेक ठिकाणी ते हात जोडून दिले जाते. शेजारी उभा असलेला कधी अबोला धरलेला भाऊही असू शकतो. सोळाव्या शतकातील संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेल्या आत्मपरीक्षणाच्या रीतीत दिवसाचे आभार मानून, प्रकाश मागून, दिवस पुन्हा डोळ्यांसमोर आणायचा असतो. चुकले असेल तेथे पश्चात्ताप आणि उद्यासाठी निश्चय करायचा असतो. आपण कधी भडकलो, त्याआधी नेमके काय झाले होते, भूक होती, थकवा होता की दुखावलेला अहंकार, हे शांतपणे पाहिले, की दुसऱ्या दिवशी तोच क्षण येताना ओळखू येतो.

यात एक पथ्य मात्र पाळायचे असते. मूळचे तापट म्हणून ओळखले जाणारे आणि पुढे सौम्यतेसाठी प्रसिद्ध झालेले संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ च्या आपल्या ग्रंथात स्वतःशीही सौम्यतेने वागण्याचा सल्ला दिला आहे. आपण रागावलो याचा पुन्हा राग येऊ दिला, तर एका आगीत दुसरी आग पेटते. त्यापेक्षा शांतपणे चूक मान्य करावी, क्षमा मागावी आणि पुन्हा सुरुवात करावी.

माँटगोमेरीतील बहिष्कार ३८१ दिवस चालला आणि डिसेंबर १९५६ मध्ये बसगाड्यांतील वर्णभेद संपला. किंग यांचा अन्यायाविरुद्धचा राग त्या रात्री विझला नव्हता. त्या रागाला द्वेष होऊ न देता त्यांनी तो कामाला लावला होता. घराघरांतल्या लहान रागांनाही हीच वाट मोकळी आहे. दिवस मावळण्यापूर्वी एखादा दूरध्वनी करता येतो, अबोला मोडणारा एक साधा प्रश्न विचारता येतो, रुसून बसलेल्याचे ताट वाढता येते. प्रेमाची भावना त्यानंतर, तिच्या सवडीने येते.